उघडी अक्षरं

स्वयंपाकघरात वाटी पडली.

दुपारची वेळ. लेक रेवा झोपलेली, पंखाही बंद. त्यामुळे स्टीलच्या त्या वाटीचं फरशीवर गोल गोल फिरणं, मग हळूहळू बसत जाणं, सगळं ऋजुताला जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकू आलं. 

"काही नाही गं," आतून तिच्या सासूबाई, हेमलताबाई म्हणाल्या. "ओला हात. निसटली."

"असू दे, आई."

समोर लॅपटॉपवर बुसानहून आलेला डॉ. नम यांचा निरोप उघडा होता. 'तुमच्या मराठी गटातली एक निरोगी व्यक्ती मला निरोगी वाटत नाही. आज बोलू या का?' व्यक्तीचं नाव त्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. नावाच्या जागी नुसती एक खूण होती. पण ती खूण ऋजुतानंच घातली होती. ती व्यक्ती या घटकेला आत ओट्याखाली वाकून वाटी शोधत होती.

ऋजुता सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. काम कोरियन कीबोर्डचं. तिला कोरियन बोलता येत नव्हतं, याची सगळ्यांना मोठी गंमत वाटायची. सासूबाईंनीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "भाषा येत नाही, तर दिवसभर करतेस काय?"

त्या पोळ्या लाटत होत्या. ऋजुतानं पोळपाटाशेजारी सांडलेल्या पिठात बोटानं एक चौकोन काढला.

"हे बघा आई. कोरियन अक्षर म्हणजे एक छोटं घर. इथं एक व्यंजन राहतं. शेजारी नाहीतर खाली एक स्वर. आणि कधी कधी तळघरात आणखी एक व्यंजन."

"मग आपली बाराखडीच की."

"बाराखडीच. फक्त चौकोनात मांडलेली. आता हे घर संगणकाला दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक म्हणजे सुटी सुटी अक्षरं सांगायची, हे आलं, मग हे आलं. नाहीतर बांधून झालेल्या घराचा एकच क्रमांक सांगायचा."

"किती घरं?"

"अकरा हजारांच्या वर."

"बाई गं! ती काय पाठ करायची?"

"नाही ना, तीच तर मजा. ओळीनं मांडलीत. व्यंजनाचा नंबर, स्वराचा नंबर, तळघराचा नंबर घेतला आणि गुणाकार-बेरीज केली की पत्ता निघतो. उलट जायचं तर भागाकार. डोळ्यांना दोन्ही तऱ्हा सारख्याच दिसतात. पण साठवताना बहुतेक वेळा बांधलेलं घरच साठवतात."

हेमलताबाईंनी पोळी उलटली. "म्हणजे नारळाच्या वडीसारखं. वडी थापून झाली की नारळ आधी घातला की साखर, ते कोण सांगणार?"

ऋजुतानं हाच दृष्टान्त नंतर कंपनीतल्या बैठकीत वापरला होता. सासूबाईंचं नाव न घेता.

कारण पुढचं सगळं त्या वडीवरच उभं होतं. माणूस टाईप करत असतो तेव्हा घर क्षणभर उघडं असतं. तळघरात आत्ता शिरलेलं व्यंजन तिथंच राहणार की पुढच्या घरात उडी मारणार, हे पुढचं बटण दाबल्याशिवाय ठरत नाही. कोरियन लोक त्या उडीला भुताचा दिवा म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा चकवाच. मग घर बंद होतं, त्याचा क्रमांक लागतो, आणि कुठलं अक्षर किती वेळानं आलं हे कायमचं पुसलं जातं.

डॉ. नम मेंदूच्या डॉक्टर. त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. कोरियन कीबोर्डवर व्यंजनं डाव्या हाताला असतात आणि स्वर उजव्या. म्हणजे प्रत्येक अक्षर हे डाव्या हातानं उजव्याला दिलेली एक हाक असते. कंपवाताचा आजार सुरू होतो तो बहुधा शरीराच्या एकाच बाजूला. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी त्या बाजूचा हात हाकेला ओ द्यायला उशीर करू लागतो. उशीर इतका बारीक, की माणसाला स्वतःलाही कळत नाही. ती उघडी अक्षरं, त्यांच्या वेळेसकट, बंद होण्याआधी टिपून ठेवायची, एवढंच 'दुहाती' या प्रोग्रामचं काम. लोक आपल्या मुलांना निरोप लिहायचे, बसचं तिकीट काढायचे, आणि 'दुहाती' त्यांच्या हातांचं बोलणं ऐकत राहायचं.

हे मराठीतही होईल, असं सुचलं ते ऋजुताला. सरकारी मराठी कीबोर्डवर काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. शिवाय मराठी अक्षरं आधीपासूनच सुटी साठवली जातात. 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण आत क आधी असतो आणि वेलांटी मागून येते. तिनं बैठकीत हे मांडलं तेव्हा पडद्यावरच्या चौकोनांतली माणसं पुढं सरकून ऐकू लागली. मग डॉ. नम म्हणाल्या, "तुम्हीच करा." रेवाच्या जन्मानंतर तीन वर्षं घरात काढून ती नुकतीच कामावर परतली होती. परतल्यावर जिच्यावर तिचं नाव लागेल अशी ही पहिली गोष्ट.

तुलनेसाठी आधी निरोगी माणसं हवी होती. वयस्क, दहाही बोटांनी या कीबोर्डवर टाईप करणारी. अशी माणसं आता फार उरलेली नाहीत. एक घरातच होती. हेमलताबाईंची सारी नोकरी जिल्हा न्यायालयात टायपिंगमध्ये गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्या घरी बसून लोकांचे प्रबंध, आत्मचरित्रं, देवस्थानांचे इतिहास टाईप करून देत.

"तुमची पिढी मराठीसुद्धा इंग्रजीतून बडवते," त्या ऋजुताला टोमणा मारायच्या. "माझी बोटं बघ. साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत माझी ओळ संपायची. वकील म्हणायचे, बाई, जरा दमानं, आम्हाला खोटं बोलायला वेळ द्या."

"आई, हा नवा प्रोग्राम घातलाय तुमच्या मशीनवर. टायपिंगचा वेग मोजतो. इथं टिचकी मारा, चालेल म्हणून."

त्यांनी न वाचता टिचकी मारली. "मोज म्हणावं. दमेल बिचारा."

त्यामुळे आता वाटी सापडून नळाखाली धुतली जात असताना ऋजुता दुसऱ्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि बुसानला फोन लावला.

"उजवा हात," डॉ. नम म्हणाल्या. "डाव्या-उजव्यातलं अंतर दर आठवड्याला वाढतंय. या कोण आहेत हे मला विचारायची परवानगी नाही, पण तुम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकता का? कंपवात थोपवणारं इंजेक्शन आता तुमच्याकडेही मिळतं ना?"

"मिळतं."

"मग तुम्हाला माहीतच आहे. गेलेल्या पेशी ते परत आणत नाही. उरलेल्या राखतं. म्हणून लवकर हवं."

ऋजुतानं खिडकीतून खाली पाहिलं. आवारात कुणाचं तरी बाळ तीनचाकी चालवत होतं. पुढच्या महिन्यात 'दुहाती'ची मराठी आवृत्ती निघायची होती. नवरा, सारंग, जैसलमेरकडच्या पवनचक्क्यांवर. सणाला आला तर आला. रेवा उठायची आजीच्या हाकेनं, जेवायची आजीच्या हातून. ते हात काढून घेतले, तर या घरात उरलेलं सगळं कोसळणार होतं ते ऋजुतावरच, आणि आधी कोसळणार होती ती तिची नोकरी. हे सगळं तिच्या मनात असं ओळीनं आलं नाही. एकदम आलं. आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला.

"त्यांचा कीबोर्ड खूप जुना आहे. उजवीकडची बटणं अडकतात. बदलून देते, मग बघू या."

पलीकडे डॉ. नम यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग, "अच्छा. तसं असू शकतं. बदलून बघा."

अगदीच खोटं नव्हतं ते. 'र'चं बटण मागे कधीतरी खरंच अडकलं होतं.

नवा कीबोर्ड आला. हलका, राखाडी, बोटाखाली लोण्यासारखा.

"जुन्याला काय धाड भरली होती?" हेमलताबाईंनी खोका उघडता उघडता विचारलं.

"हा मऊ आहे. बोटं दुखणार नाहीत."

"माझी बोटं दुखतात असं कोण म्हणालं?"

त्यांनी इतक्या झटक्यात विचारलं, की ऋजुताच्या हातातला बबल-प्लास्टिकचा तुकडा रेवानं हिसकावला तरी तिला कळलं नाही. "कोणी नाही. मलाच वाटलं."

मग हेमलताबाई हसल्या. संध्याकाळी सारंगचा फोन आला तेव्हा त्याला ऐकवलंच. "तुझी बायको बघ, न मागता आणते. तू जन्मात मला एक पेन आणलंस का रे?" ऋजुता तिथंच बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. निवडून झालेल्या पानांमध्ये तिनं देठ टाकले आणि पानं कचऱ्यात. मग सगळं परत उलटं करत बसली.

आणि मग रेघ सरळ झाली.

नव्या कीबोर्डवर दोन-तीन आठवडे गेले, आणि पडद्यावरची, दोन हातांतला उशीर दाखवणारी, वर चढत गेलेली रेघ खाली उतरून सपाट पडली. डाव्या-उजव्यात काही फरकच नाही. डॉ. नम यांनी हसरा चेहरा पाठवला. 'तुमचं बरोबर होतं. बटणंच होती. आपल्या गटातली सर्वांत निरोगी व्यक्ती हीच.'

ऋजुता बाथरूममध्ये जाऊन रडली. सुटका झाली म्हणून. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, आज शिरा करू या?"

"कशाबद्दल?"

"असंच."

रेघेच्या शेजारी आणखी एक रकाना होता, नुसत्या वेगाचा. तो घसरत चालला होता. पण 'दुहाती' वेगाकडे बघतच नाही. माणूस दमतो, कंटाळतो, टाईप करता करता फोनवर बोलतो, म्हणून तो रकाना हिशेबातून मुद्दाम वगळलेला. तो वगळावा हे ठरवणाऱ्यांत ऋजुताही होती. तिनं तो घसरता वेग पाहिला आणि मनात म्हणाली, वय झालं. सासूबाईंचा नमुना तिनं निरोगी हाताचं माप म्हणून पक्का केला. पुढे जो कुणी मराठीत टाईप करेल, त्याचे हात या मापानं मोजले जाणार होते.

मराठी आवृत्ती निघाली. पुण्याहून फुलं आली. कंपनीनं तिला कॉलेज कॉर्नरजवळ बसायला एक टेबल भाड्यानं घेऊन दिलं. ती सकाळी तिकडे जाऊ लागली.

घरात बारीकसारीक बदलत होतं. रेवा गणवेशाची बटणं स्वतः लावायला शिकली. "मोठी झाली आता, तिची तिनंच लावायची," असं हेमलताबाई म्हणाल्या, आणि ऋजुताला कौतुकच वाटलं. चहाचे कप अर्धेच भरून येऊ लागले. विळी माळ्यावर गेली आणि मंडईतून चिरलेली भाजी यायला लागली. ऋजुताला दिसत सगळं होतं. दिसलं की ती त्यावर सपाट रेघ ओढायची. आणि कधी रेघेनं भागलं नाही, तर मनात तारीख टाकायची. सारंग आला की दाखवून घेऊ. रेवाची परीक्षा झाली की. एवढी पुण्याची खेप झाली की.

त्या दिवशी कॉलेज कॉर्नरला वीज गेली आणि ती जेवणाच्या आधीच घरी आली. दार तिनं आपल्या किल्लीनं उघडलं.

हेमलताबाई तिच्याकडे पाठ करून संगणकापुढे बसल्या होत्या. कीबोर्ड टेबलाच्या डाव्या कडेला सरकवलेला. त्यांचा डावा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. लग्नघरी आचारी आलाच नाही म्हणून एकटीच बाई सगळ्या चुलींवर धावते, तसा. काना त्याच बोटांनी, क त्याच बोटांनी. उजवा हात टेबलावर नव्हता. तो खाली लोंबत आलेला होता, आणि मोड्यावर बसलेल्या रेवानं तो दोन्ही हातांत धरून मांडीवर घेतला होता. वर हनुवटी टेकवून ती चित्रांचं पुस्तक बघत होती.

"हलतोय, आजी."

"घट्ट धर."

"धरलाय. आतून हलतोय."

ऋजुताच्या हातातून किल्ली टेबलावर ठेवली गेली. रेवानं वर पाहिलं, तोंडभर हसली, पण जागची उठली नाही.

"आई, मी नाही येऊ शकत. मी ड्युटीवर आहे."

त्या सपाट रेघेचा अर्थ ऋजुताला दारातच लागला. 'दुहाती'ला अक्षर कळतं, बोट कळत नाही. व्यंजन आलं म्हणजे उजवा हात आला, असं ते धरून चालतं. इथं दोन्ही हातांचं काम एकच हात करत होता. मग दोघांत फरक उरणार कुठून? एकाच हाताची स्वतःशी तुलना करून यंत्र सांगत होतं, सगळं उत्तम आहे. चाळीस वर्षं दहा बोटांनी टाईप केलेल्या बाईशिवाय हे कुणाला जमलंही नसतं, आणि कुणाला सुचलंही नसतं.

"लवकर आलीस," हेमलताबाई न वळता म्हणाल्या. बोटं थांबली होती.

"वीज गेली तिकडं."

"चहा टाकते." मग त्या स्वतःच हसल्या. "नाही, तूच टाक. मी टाकला की निम्मा ओट्याला."

ऋजुता उभीच. "कधीपासून, आई?"

"गेल्या पावसाळ्याच्या सुमाराला. आधी 'प' उशिरा यायचा. मग 'क'. मनात शब्द पुढं आणि बोट मागं. मला वाटलं, बटणं. तू नवा कीबोर्ड आणलास तेव्हा कळलं, बटणं नव्हेत."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू? सारंग तिकडं वाळवंटात पंखे फिरवतोय. आणि तुला सांगितलं असतं, तर रेवाला माझ्यावर टाकून गेली असतीस? दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असतास. तीन वर्षं बघितलंय मी तुझं तोंड, ऋजुता. भांडी घासताना सुद्धा त्या कोरियन घरांचे नंबर पुटपुटायचीस." त्यांनी रेवाच्या केसांवरून डावा हात फिरवला. "म्हटलं, तुझं ते एकदाचं बाहेर पडू दे. तोवर निभावेल. आणि म्हातारपणाचा हात हा, त्याला औषध थोडंच असतं?"

ऋजुतानं गॅस पेटवला. पाणी ठेवलं. असतं, हा एवढासा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. पाणी उकळायला लागलं तरी पत्ती तिच्या हातातच होती.

"उद्या मिरजेला जाऊ," ती शेवटी म्हणाली. "दाखवून येऊ."

"डॉक्टरला दाखवलं की त्याला नाव लागतं. नाव लागलं की माणसं तसंच बघायला लागतात."

"तरी जाऊ, आई."

"ताई, मी सोडू का आता?" रेवानं नाटकी आवाजात आजीला विचारलं. हा त्यांचा रोजचा खेळ असावा.

"सोडा बाई. सुट्टी झाली तुमची."

दुपारी ऋजुतानं बुसानला लिहिलं. 'तो नमुना मापातून काढून टाका. त्या निरोगी नाहीत. त्या एका हातानं टाईप करतात. त्यांच्या कीबोर्डला काही झालं नव्हतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.' शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं. उत्तर लगेच आलं. 'मराठी आवृत्ती आज थांबवते. बाकीचं आपण नंतर बोलू. त्यांना सांगितलंत का?'

ऋजुतानं लॅपटॉप मिटला.

मिरजेच्या हॉस्पिटलात डॉ. आवटींनी हेमलताबाईंना अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, खोलीत चालायला लावलं, वळायला लावलं. रेवा टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आजीला नाच शिकवतायत. डॉक्टर वयानं लहानच होते, बोलायला मोकळे.

"इंजेक्शन आजच सुरू करू," खुर्चीत बसत ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही, मावशी. डावी बाजू आपण चांगली राखू. चालणं-बिलणं राहील. उजव्या हाताचं मात्र मी वचन देत नाही. उशीर झाला थोडा. मागच्या पावसाळ्यात आला असतात ना, तर अजून दहा वर्षं टायपिंग केलं असतंत."

"पण डॉक्टर, कळणार कसं?" हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोर्टातला झाला होता, सरळ आणि स्वच्छ. "तेव्हा हात थरथरतसुद्धा नव्हता. घरात कुणालाच काही दिसलं नाही."

"आता कळतं, मावशी. ते कोरियातलं निघालंय ना, नुसत्या टाईप करण्यावरून ओळखतं. आता तर मराठीत पण—"

"दुहाती!" हेमलताबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "अहो, आमच्या सुनेनंच केलंय ते मराठीत. ही काय, ही!"

"काय सांगता?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता मोठ्यानं हसून मान हलवली. "म्हणजे घरातच होतं की! मग तुमच्यावरच नाही चालवलं होय सूनबाईंनी?"

हेमलताबाईही हसल्या. हसता हसता त्यांची नजर मांडीवरच्या उजव्या हातावर गेली, तिथं थोडी रेंगाळली, आणि तिथून ऋजुताकडे आली. हसू ओठांवर तसंच राहून गेलं, नुसतं.

"तो वेग मोजणारा," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या मशीनवरचा." आणि जरा थांबून, "आणि मग तो मऊ कीबोर्ड."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी चिठ्ठी पुढं केली. "बाहेर बसा. सिस्टर बोलावतील."

"आई, बाहेर बोलू," ऋजुता म्हणाली. तिनं चिठ्ठी घेतली आणि दार उघडून धरलं.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. बाकावर आधी हेमलताबाई बसल्या, भिंतीकडे बघत. मधे रेवा घुसली, तिनं सवयीनं आजीचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. या कडेला ऋजुता. समोरून स्ट्रेचर गेलं, कुणीतरी नातेवाईक डबा घेऊन गेलं. बोलायचं तर आता, हे तिला कळत होतं. 'आई, मला माहीत होतं,' एवढं एकच वाक्य. तिनं तोंड उघडलं, आणि त्या भिंतीकडे लागलेल्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. या बाईनं आपला हात लपवला होता तो सुनेची नोकरी राहावी म्हणून. आणि औषध असतं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई," रेवा म्हणाली.

"काय गं?"

"डॉक्टरकाका म्हणाले, उशीर झाला."

"हो."

रेवा पाय हलवत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी सकाळी सँडल शोधत होते म्हणून?"

"नाही गं, राणी." ऋजुतानं तिचं डोकं जवळ ओढलं. "तुझ्यामुळे नाही. मुळीच नाही."

"मग आजीनं साडीला वेळ लावला म्हणून?"

"आजीमुळे पण नाही."

"रिक्षावाल्या काकांनी पंपावर थांबवली म्हणून?"

"नाही, बाळा."

हेमलताबाईंनी भिंतीवरची नजर काढली आणि मान वळवली. त्यांनी काही विचारलं नाही. रेवानं दोन्ही हातांतला तो हात आणखी घट्ट धरला, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं.

"मग कुणामुळे झाला उशीर?"